आल्प्समध्ये स्कीइंगला गेल्यावर डोंगरावरच्या कॅफेटेरियात जेवायचं कसं: बूट, ट्रे, शाकाहार आणि शेवटची लिफ्ट

म्युनिक, ऑग्सबुर्ग, स्टुटगार्टकडचे आपले लोक डिसेंबर ते मार्च ऑस्ट्रियात स्कीइंगला जातात, पास, भाड्याच्या स्की, हॉटेल सगळं महिनाभर आधी शोधून बुक करतात आणि दुपारी डोंगरावरच्या कॅफेटेरियात पोचले की पार गोंधळतात. एकजण स्की कुठे ठेवायच्या ते बघतोय, दुसरा मुलाला घेऊन जिन्याने खाली टॉयलेटला गेलाय, तिसरी भरलेला ट्रे घेऊन उभी पण टेबल नाही, आणि तासाभराने चौघांनी मिळून काय खाल्लं तर फ्रेंच फ्राइज. बहुतेक वेळा कारण एकच असतं, कामं उलट्या क्रमाने होतात, ट्रे आधी हातात येतो आणि बाकी सगळं नंतर आठवतं.

खालचं सगळं ऑस्ट्रियाच्या टिरोल प्रांतातल्या सेल्फ सर्व्हिस रेस्टॉरंटांबद्दल आहे, बोर्डावर 'एसबी' लिहिलेलं असतं ती. स्टुबाई ग्लेशियरवरचं गाम्सगार्टन घ्या, नाहीतर स्कीवेल्ट ह्या मोठ्या स्की रिसॉर्टमधली लिफ्टच्या माथ्यावरची मोठमोठी हॉलं घ्या, पद्धत सगळीकडे तीच. जर्मनीच्या बाजूला त्सुगश्पित्स डोंगराच्या पठारावर जाणाऱ्यांनाही चालेल. आई-बाबांना नुसतं बर्फ दाखवायला वर नेणार असाल तर स्कीचा टप्पा सोडा, बाकी सगळं वाचा.

१. निघायच्या आधी: खिसे लावून घ्या

डाव्या खिशात फक्त स्की पास, दुसरं काहीही नाही. गेटवरचा रीडर डाव्या बाजूला असतो आणि त्याच खिशात फोन, कार्ड, किल्ल्या कोंबल्या की गेट उघडत नाही, मागे रांग तुंबते.

फोन आणि कार्ड जॅकेटच्या आतल्या खिशात, अंगाजवळ. थंडीत फोनची बॅटरी चाळीस टक्क्यांवरून धाडकन बंद पडते आणि तुम्ही फोननेच पैसे भरणार असाल तर कॅश काउंटरवर गार झालेलं जेवण हातात घेऊन उभे राहाल. सोबत चाळीस-पन्नास युरो रोख ठेवाच, मोठ्या हॉलमध्ये कार्ड चालतं पण वाटेतल्या छोट्या लाकडी हुटेमध्ये, म्हणजे डोंगरावरच्या खानावळीत, कधीकधी फक्त रोख घेतात.

घरून खायला न्यायचं तर मऊ न्या. राजगिऱ्याचा लाडू, दशमी, मेथीचा ठेपला चालतो, चिक्की मात्र थंडीत दगड होते. आणि हे सगळं बाहेर बाकावर बसून खायचं. रेस्टॉरंटच्या टेबलावर स्वतःचा डबा उघडायला जवळपास सगळीकडे मनाई असते, एक कोला विकत घेतला म्हणून परवानगी मिळत नाही. काही रिसॉर्टमध्ये डबेवाल्यांसाठी वेगळी खोली असते, तिला 'याउझनराउम' म्हणतात, ती असेल तर नकाशावर किंवा दारावर लिहिलेलं असतं.

तपासा: पास डावीकडे, फोन-कार्ड आत, रोख आहे, पाण्याची बाटली आहे. चार गोष्टी, लिफ्टच्या रांगेतच बघून घ्या.

२. वेळ ठरवा, भुकेवर सोडू नका

बारा ते दीड ही सगळ्यात वाईट वेळ. बाराच्या सुमाराला स्की स्कूलची पोरं रंगीत जॅकेटं घालून शिक्षकाच्या मागे ओळीने आत येतात आणि दहा मिनिटांत हॉल भरतो. म्हणून एकतर सव्वाअकरा-साडेअकराला आत शिरा नाहीतर पावणेदोननंतर. लहान मुलं असतील तर लवकरच जा, भुकेलं पोर, ओले मोजे आणि लांब रांग हे तीन एकत्र येऊ द्यायचे नसतात.

उशिरा जाण्यात एक धोका आहे, दोन-अडीचनंतर गरम पदार्थांचे काउंटर एकेक करून रिकामे व्हायला लागतात, आणि सगळ्यात आधी संपतो तो शाकाहारी पदार्थ कारण तो मुळात थोडाच केलेला असतो. तुम्हाला परत जायला डोंगर ओलांडून दुसऱ्या गावात उतरायचं असेल तर उशिराचा पर्याय सोडूनच द्या, का ते शेवटच्या टप्प्यात सांगतो.

३. स्की बाहेर ठेवणं

दाराबाहेर रॅक असतात, त्यात ठेवा, किंवा जिथे सगळ्यांनी बर्फात उभ्या खोचल्यात तिथे खोचा. काचेच्या भिंतीला टेकवायच्या नाहीत, दारासमोर आडव्या टाकायच्या नाहीत. एक घसरली की बाकीच्या आठ-दहा धडाधड पडतात आणि सगळे वळून तुमच्याकडे बघतात.

भाड्याच्या स्की घेतलेल्यांनी इथे जरा जास्त लक्ष द्या. एकाच दुकानातून शंभर लोकांनी तसल्याच काळ्या-लाल स्की नेलेल्या असतात आणि चोरीपेक्षा चुकून अदलाबदल जास्त होते. स्कीवर दुकानाच्या नंबरचं स्टिकर असतं त्याचा फोटो काढा, आणि आजूबाजूला काय आहे ते दिसेल असा एक लांबून काढा. दोघंजण असाल तर एकेक स्की बदलून ठेवा, म्हणजे तुमची डावी आणि त्यांची उजवी एका रॅकमध्ये, उरलेल्या दोन पलीकडच्या रॅकमध्ये. जोडी न जुळणाऱ्या स्की घेऊन कोणी जात नाही.

४. आत शिरल्यावर: बूट, टॉयलेट, टेबल (ह्याच क्रमाने)

दारातच बूट झटका, आणि वरचे दोन बकल सैल करा. पूर्ण उघडे टाकू नका, एका बुटाचं बकल दुसऱ्या बुटाच्या बकलात अडकतं आणि माणूस सरळ तोंडावर आपटतो, त्यामुळे शेवटच्या दाताला नुसतं अडकवून ठेवा. मागे 'वॉक' असं बटण किंवा खिट्टी असेल तर ती फिरवा. चालताना टाच आधी टेकवायची, पावलं छोटी. फरशीवर वितळलेल्या बर्फाचं पाणी असतं आणि प्लास्टिकचा तळवा त्यावर साबणासारखा सरकतो.

बूट काढून मोज्यावर फिरायचा मोह होतो, खूप होतो, पण काढू नका. पाय सुजलेले असतात, बुटाचं प्लास्टिक गार पडून कडक होतं, आणि परत घालताना अर्धा तास जातो.

मग टॉयलेट. टॉयलेट हटकून तळघरात असतं, वीस-पंचवीस पायऱ्या खाली. जेवण घेतल्यावर मुलाला आठवण झाली की जेवण गार, तुम्ही घामाघूम आणि मूल रडतंय. स्की सूट उतरवायला-चढवायला वेळ लागतो हे धरून आधीच उरकून घ्या.

मग टेबल. मोठं टेबल अर्धं रिकामं असेल तर तिथे बसणं इथे अगदी रीतसर आहे, फक्त 'इस्ट हिअर नॉख फ्राय?' असं विचारायचं, म्हणजे इथे जागा आहे का. उत्तर 'या' आलं की बसा. एकाने टेबलावर थांबायचं, बाकीच्यांनी जेवण आणायचं. नुसते हातमोजे आणि हेल्मेट आठ खुर्च्यांवर ठेवून सगळेच्या सगळे रांगेत गेले तर लोक चिडतात, आणि त्यांचं बरोबर आहे.

सावधान: एकाच इमारतीत बऱ्याचदा दोन विभाग असतात. टेबलावर मेनूकार्ड ठेवलंय, वेटर फिरतोय, तर तो सर्व्हिसवाला भाग. तिथे ट्रे घेऊन बसलात तर उठवतात.

ओले हातमोजे हीटरवर ठेवायचे नाहीत, चामड्याचे असतील तर कडक होऊन तडकतात. जॅकेटच्या आत, पोटाशी ठेवा. गॉगलच्या काचेला आतून पुसू नका, आतला थर खरवडला जातो आणि मग दिवसभर धुकं.

५. रिकाम्या हाताने एक फेरी मारा

हा टप्पा सगळे गाळतात. आत गेल्यावर जी रांग दिसते तिच्या शेपटाला आपण जाऊन उभे राहतो कारण आपल्या डोक्यात मेसची रांग असते, एका टोकाने शिरायचं आणि दुसऱ्या टोकाने निघायचं. इथे तसं नाही. हॉलमध्ये वेगवेगळी बेटं असतात, सूप एकीकडे, ग्रिल आणि तळण दुसरीकडे, पास्ता तिसरीकडे, सॅलड बार मधोमध, गोड पदार्थ कडेला, आणि शेवटी कॅश काउंटर. ती लांबलचक रांग बहुधा श्निट्झलची, म्हणजे ब्रेडचा चुरा लावून तळलेल्या मांसाच्या पातळ तुकड्याची असते. तुम्हाला श्निट्झल नकोच असेल तर वीस मिनिटं फुकट गेली.

तेव्हा ट्रे न घेता फिरा, वर लावलेले बोर्ड वाचा, फोटो काढा, टेबलावर येऊन ठरवा, मग जा. अंदाज म्हणून, मुख्य पदार्थ बहुतेक ठिकाणी पंधरा युरोच्या आगेमागे असतो आणि प्लेट भरपूर मोठी असते. चार माणसांना चार मुख्य पदार्थ लागत नाहीत. तीन घ्या आणि एक मोठं सॅलड, पुरतं.

६. शाकाहारी, बिनअंड्याचं, बीफ-पोर्क नको: इथे नीट वाचा

हिरवं पान किंवा 'फेगेटारिश' लिहिलेलं असेल तर मांस नाही, पण अंडं असू शकतं, इथल्या हिशोबात अंडं शाकाहारीच. अंडंही नको असेल तर 'फेगान' शोधा, हल्ली बऱ्याच मोठ्या हॉलमध्ये एखादा तरी फेगान पदार्थ असतो, बहुतेक वेळा चिली किंवा 'करी'. करी जरा गोडसर असते, अपेक्षा ठेवू नका, पण गरम असते आणि भातासोबत मिळते.

आता एक कामाची गोष्ट. युरोपियन युनियनच्या नियमाने डिसेंबर २०१४ पासून ॲलर्जीच्या चौदा गोष्टी सांगणं बंधनकारक आहे आणि ऑस्ट्रियात त्यासाठी बहुतेक ठिकाणी पदार्थाच्या नावापुढे छोटी रोमन अक्षरं छापतात. 'ए' म्हणजे ग्लुटेन, 'सी' म्हणजे अंडं, 'जी' म्हणजे दूध, 'ई' म्हणजे शेंगदाणा, 'एच' म्हणजे बदाम-अक्रोड वगैरे. तर अंडं न खाणाऱ्यांनी बोर्डावर 'सी' शोधायचं, झालं. जर्मनीच्या हद्दीत अक्षरं वेगळी असू शकतात, तिथे बोर्डाच्या किंवा मेनूच्या तळाशी छापलेली यादी बघा.

सावधान: मांस ही काही ॲलर्जी नाही, त्यामुळे मांसासाठी अक्षरच नसतं. अक्षर नाही म्हणजे शाकाहारी असं समजू नका.

खरे सापळे सूपमध्ये. स्वच्छ, सोनेरी दिसणारं पातळ सूप हे जवळपास नेहमी बीफच्या हाडांचं पाणी असतं, त्यात वर धिरड्याच्या पट्ट्या तरंगत असोत किंवा मटाराएवढे तळलेले पिवळे गोळे. ते गोळे मटार नाहीत, पिठाचे आहेत, आणि सूप बीफचंच. बटाट्याच्या सूपात बेकन किंवा सॉसेजचे तुकडे असतात. टोमॅटो, भोपळा अशी घट्ट सूपं त्यातल्या त्यात बरी, पण तिथेही विचारून घ्या.

कासप्रेसक्नोडल म्हणून एक चीज घातलेला चपटा तळलेला गोळा मिळतो, पाव आणि बटाट्याचा, चवीला मस्त. तुम्ही बोट दाखवता, काउंटरवरची बाई वाडगं घेते, गोळा ठेवते आणि तुम्ही काही बोलायच्या आत वरून एक पळी बीफचं सूप ओतते. म्हणून बोट दाखवायच्या आधी बोला: 'मिट सालाट, ओने सूपं, बिटं.' सॅलडसोबत, सूप नको. ती मान हलवते, वाडगं परत ठेवते, ताटली घेते. आता थांबा, सॅलड म्हणून ती बटाट्याचं सॅलड वाढायला जाईल, आणि ऑस्ट्रियन पद्धतीच्या बटाटा सॅलडातही बऱ्याचदा तेच बीफ स्टॉक असतं. 'ग्रुनर सालाट' म्हणा, हिरवी पानं मिळतील. सावरक्राउट म्हणजे आंबट कोबी, त्यातही बेकन घालायची पद्धत आहे.

बाकी पदार्थ पटापट:

केझश्पेट्झलं म्हणजे चीजमधले छोटे पिठाचे तुकडे, वर तळलेला कांदा. पोटभरीचं, पण पिठात अंडं असतं आणि काही ठिकाणी बेकन टाकतात, 'ओने श्पेक' सांगा. पालकाचे क्नोडल म्हणजे गोळे बटरमध्ये मिळतात, त्यातही अंडं, आणि वर परमेजान किसलेलं असतं, जनावराचं रेनेट (चीज बनवताना दूध फाडायला घालतात ते) टाळणाऱ्यांनी तेही नको म्हणा. ग्रोस्टल दिसतो आपल्या बटाट्याच्या काचऱ्यांसारखा, पण त्यात बेकन किंवा बीफ असतंच आणि वर अंडं.

अंडंही नको असणाऱ्यांची गाडी बहुतेक इथे थांबते: टोमॅटो सॉसचा पास्ता ('सी' बघून), भाजलेला अख्खा बटाटा आंबट क्रीमसोबत, मार्गारिटा पिझ्झा, सॅलड बार आणि फ्राइज. पास्त्याच्या काउंटरवर बोलोनेझची पळी आणि टोमॅटोची पळी एकच वापरतात की काय ते बघत राहा, वेगळी मागितली तर देतात. फ्राइज ज्या तेलात तळतात त्यातच श्निट्झलही तळलेला असू शकतो, ज्यांना चालत नाही त्यांनी विचारावं.

मांसाहारींसाठी दोनच ओळी. गुलाश सूप बहुतेक बीफचं, बोलोनेझमध्ये बीफ आणि पोर्क मिसळलेलं असू शकतं. कॅफेटेरियातला श्निट्झल बहुधा पोर्कचा असतो, चिकन किंवा टर्की हवी असेल तर 'हून' किंवा 'पुटं' लिहिलेला घ्या.

गोडात कायझरश्मार्न म्हणजे फाडलेला जाड पॅनकेक, वर पिठीसाखर आणि बाजूला प्लमचा किंवा सफरचंदाचा सॉस. अंडं भरपूर, आणि मनुका रममध्ये भिजवलेल्या असू शकतात, मुलांसाठी 'ओने रोझिनेन' म्हणजे मनुकांशिवाय मागा. गेर्मक्नोडल हा वाफवलेला मोठा मऊ गोळा, आत प्लमचा जॅम, वर काळी खसखस आणि वितळलेलं बटर नाहीतर व्हॅनिला सॉस. गोड असला तरी तो एकट्याचं पूर्ण जेवण आहे, जेवणानंतर प्रत्येकी एक घेऊ नका, दुपारी लिफ्टवरच झोप लागेल.

७. प्यायला काय

शीवासर घ्या, रास्पबेरी आणि लिंबाचं सरबत, स्वस्त आणि बिनदारूचं. चहा मागितला की बऱ्याचदा फळांचा लाल चहा येतो, साधा हवा असेल तर 'श्वार्त्सटे मिट मिल्ख' म्हणा, गरम पाणी, बॅग आणि गार दुधाची छोटी डबी मिळेल, आलं-वेलचीचं नावच काढू नका. यागाटे ह्या नावाचा मगमधला वाफाळता 'चहा' रमवाला असतो, आई-बाबांच्या हातात चुकून देऊ नका. नळाचं पाणी काही ठिकाणी फुकट, काही ठिकाणी थोडे पैसे घेतात, बाटली टॉयलेटजवळच्या बेसिनला भरायची तर आधी 'पिण्याचं नाही' असं चित्र नाही ना ते बघा.

अडीच हजार मीटरच्या वर गाडी-गोंडोल्याने (बंद डब्यांच्या केबल कारने) झटक्यात पोचलेल्यांना, विशेषतः घरच्या मोठ्यांना, डोकं दुखणं किंवा मळमळ होऊ शकते. त्यांना कमी आणि साधं खायला द्या, पाणी द्या, दारू नको. बरं वाटलं नाही तर खाली उतरायचं, कॉफीने बरं होत नाही.

८. ट्रे आणि कॅश काउंटर

आता ट्रे घ्या. क्रम असा: सॅलड, मग गोड, मग पेय, आणि गरम पदार्थ सगळ्यात शेवटी, म्हणजे कॅशच्या रांगेत तो गार होणार नाही. सूपचा वाडगा ट्रेच्या मधोमध, ग्लास पाऊणच भरा. सॅलड बारला बहुतेक ठिकाणी ताटलीच्या मापाचे पैसे असतात, छोटी की मोठी, वजनाचे असतील तर काटा ठेवलेला दिसतो. मापाचे असतील तर खाली काकडी-गाजराची भिंत उभारून मध्ये राजमा, मका, बीट भरायचं, छोट्या ताटलीत दोघांचं होतं. कोणी काही म्हणत नाही, तिथली माणसंही तेच करतात.

काटे-चमचे, रुमाल, मीठ-मिरी बहुतेक ठिकाणी कॅशच्या पलीकडे असतात, आधी शोधत बसू नका. बाहेरच्या बारवर काचेचा मग घेतलात तर त्यावर डिपॉझिट लागतं आणि एखादं प्लास्टिकचं टोकन देतात, ते टोकन हरवलं की पैसे गेले. सेल्फ सर्व्हिसमध्ये टिप द्यायची गरज नाही.

तपासा: कॅशपासून टेबलापर्यंत पायरी आहे का? असेल तर ट्रे दोन फेऱ्यांत न्या, बुटात आणि भरल्या ट्रेसह पायरी उतरायची हिंमत करू नका. मुलांच्या हातात सूप तर अजिबात नको.

९. निघताना

ट्रे टेबलावर सोडून जायचं नाही, कोपऱ्यात चाकं लावलेली उभी मांडणी असते तिच्यात सरकवा. बकल लावा, पण आत बसूनच, बाहेर बोटं गारठतात. स्कीचा नंबर फोटोशी जुळवा. पहिली उतरंड सोपी घ्या, निळ्या खुणेची, बसून पाय आखडलेले असतात आणि दुपारी बर्फही मऊ-ढेकळं झालेला असतो.

आणि घड्याळ. लिफ्ट बहुतेक ठिकाणी चार-साडेचारला बंद होतात पण डोंगर ओलांडून देणाऱ्या जोड लिफ्ट त्याआधीही बंद होऊ शकतात, वेळ लिफ्टच्या खांबावर लिहिलेली असते. समजा तुम्ही स्कीवेल्टमध्ये एल्माउ गावाला गाडी लावलीय आणि कायझरश्मार्न रेंगाळत खात डोंगरापलीकडच्या ब्रिक्सन गावाच्या बाजूला अडकलात, तर डोंगराला वळसा घालून टॅक्सीने परत, आणि तेवढ्या पैशात चौघांचं अजून एकदा जेवण झालं असतं.

उतार बंद झाल्यावर गप्पा मारत बसून अंधारात खाली स्कीइंग करत जाऊ हा बेत तर करूच नका. संध्याकाळी उतार सपाट करणारी मोठी यंत्रं निघतात, तीव्र चढावर ती पोलादी दोराने वरच्या खुंट्याला बांधलेली असतात, तो दोर उतारावर शेकडो मीटर ताणलेला असतो आणि अंधुक उजेडात दिसत नाही. त्यावर आदळून लोक मेलेत. उशीर झाला, पाय थकले, किंवा एखादा यागाटे जास्त झाला तर गोंडोल्यातून खाली या, खाली येणाऱ्या शेवटच्या डब्याची वेळ जेवायला बसायच्या आधीच बघून ठेवा. तोही चुकला तर स्वतः डोकं न लावता कॅफेटेरियातल्या लोकांना जाऊन सांगा, आणि कोणी जखमी असेल तर ऑस्ट्रियात डोंगरी बचाव पथकाचा नंबर १४०, कुठल्याही युरोपियन देशात ११२.